बारा चकत्या आणि कुरुळीची भट्टी

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, मी कुरुळीला जाऊन आले. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, तिथं कुठलं देऊळ आहे? असेलही, मी पाहिलं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी ओलांडली की चाकणच्या अलीकडे हे गाव लागतं. आजूबाजूला कारखान्यांच्या शेड आणि कामगारांच्या खोल्यांच्या चाळी. त्यातल्याच एका शेडमध्ये विजेच्या सामानाची तपासणी करून देणारी प्रयोगशाळा आहे. माझं चार वर्षांचं काम मसाल्याच्या गोल स्टीलच्या डब्यात घालून मी तिथं गेले होते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पन्नाशी दारात येऊन उभी आहे आणि या वयात मला पीएचडीची हौस आली. विषय सांगते, घाबरू नका. विजेच्या यंत्रांत तारांच्या मध्ये इपॉक्सी नावाचं राळेसारखं प्लास्टिक ओततात, म्हणजे वीज नको तिथं जात नाही. त्या इपॉक्सीत टायटानियाची अतिबारीक पूड मिसळली तर ते जास्त टिकाऊ होतं का, हे मी बघत होते. अशा प्लास्टिकचा एक आकडा असतो, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट. विजेच्या दाबाखाली ते स्वतःत किती वीज धरून ठेवतं, ते त्यावरून कळतं. टायटानियाचा स्वतःचा आकडा भलता मोठा. म्हणजे ती मिसळली की मिश्रणाचा आकडा वाढायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल.

माझा वाढत नव्हता. साध्या इपॉक्सीच्या चकतीचा आकडा चार पूर्णांक दोन आला, आणि शंभरात एक भाग पूड घातलेल्या चकतीचा तीन पूर्णांक सात. आणखी पूड घातली की पुन्हा वर. मला आनंद झाला, कारण याचं कारण मला ठाऊक होतं. लग्नघरात पोरं हैदोस घालत असतात. दोन-तीन कडक मावश्या मध्येच बसवल्या की प्रत्येकीच्या आजूबाजूची पोरं गप्प होतात. पुडीचा कण म्हणजे मावशी. प्लास्टिकचे रेणू तिला चिकटून बसतात, विजेबरोबर हलत नाहीत, आणि आकडा उतरतो. फार मावश्या झाल्या की त्या आपापसातच घोळका करून गप्पा मारतात आणि सगळा खेळ फिसकटतो. हे माझं प्रकरण चार.

बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. त्यांचं म्हणणं, यात मावश्या नाहीत, बुडबुडे आहेत. पूड घोटताना आत हवा शिरली असणार, हवेचा आकडा सगळ्यात कमी, म्हणून घट दिसते. दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून आणा, नाहीतर प्रकरण चार गाळा. प्रकरण चार गाळलं तर माझ्या प्रबंधात उरतं काय, प्रस्तावना आणि आभार. वर मिळालेली मुदतवाढ शेवटची. मी बारा चकत्या घेतल्या: तीन साध्या आणि एक, तीन व पाच टक्के पुडीच्या तीन-तीन. डब्यात तळाशी तांदूळ घातले, आमच्याकडे मिठात घालतात तसे, ओल लागू नये म्हणून, आणि निघाले.

बुधवार, वाकड

मावसबहीण वैशाली वाकडला बाविसाव्या मजल्यावर राहते. खाली फाटकावर मला एका मुलीनं नाव, फोन, कुणाकडे, कशासाठी असं सगळं विचारलं. बॅग यंत्रात घातल्यावर आत गोल गोल काय आहे, तेही विचारलं. मी म्हटलं, इपॉक्सी. तिनं वर फोन करून वैशालीला सांगितलं की एक बाई मिठाई घेऊन आल्या आहेत.

वैशालीच्या बाल्कनीतून नुसते दिवे आणि गाड्या दिसतात. आमच्याकडे शेजारी काय शिजतंय ते वासावरून कळतं. इथं तिला शेजारच्यांचं आडनाव माहीत नव्हतं. पण बाईनं माझ्यासाठी उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी करून ठेवली होती, मला अगदी भरून आलं. फक्त नारळाचं दूध पाकिटातलं होतं. मी काही बोलले नाही, माझ्या मानानं हे पुष्कळ झालं.

गुरुवार, नाइलाजानं आळंदी

सकाळी सातला निघून, रिक्षा आणि दोन बस करून मी साडेनवाला त्या शेडच्या दारात हजर. कुलूप. रखवालदार खुर्ची उन्हात टाकून बसला होता. तो म्हणाला, आज गुरुवार. मी म्हटलं, मग? त्याला माझी कीव आली असावी. या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू. सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेऊ नये, विजेचा भार वाटला जावा, म्हणून हे वार ठरलेले. मी विजेचा अभ्यास करणारी, आणि हे मला रखवालदारानं शिकवलं. फोनवर मला सांगितलं होतं, गुरुवार सोडून कधीही या. मी ऐकलं होतं, गुरुवारपासून कधीही या. कान माझेच, दोष कुणाला देणार.

परत वाकडला जायचं जिवावर आलं, म्हणून समोर आलेल्या आळंदीच्या बसमध्ये बसले. घाटावर पायऱ्यांवर डबा मांडीत घेऊन दुपारपर्यंत बसून राहिले. नदीला पांढरा फेस होता. बाजूला कीर्तन शिकणारी मुलं पखवाजाचे बोल तोंडानं म्हणत होती, एकच तुकडा शंभर वेळा. चुकलं की त्यांचे गुरुजी काही न बोलता नुसता हात वर करायचे आणि मुलं पहिल्यापासून सुरू करायची. त्यांचं बघून मला माझं पहिल्यापासून सुरू करणं आठवलं. एका बाईंकडून गरम थालीपीठ घेतलं, सोबत शेंगदाण्याची चटणी. मी विचारलं, यात ओलं खोबरं का नाही घालत? त्या म्हणाल्या, कशाला?

शुक्रवार, कुरुळी

आत तपासणीचं काम सुजाता बघते. पस्तिशीची, बारीक अंगाची, पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. वडील पिंपरीच्या एका कंपनीत जन्मभर मशीनवर होते, हिनं डिप्लोमा केला. बोलता बोलता तिला घरून फोन आला, 'जयभीम दादा, कस्टमर आहेत, मग करते,' म्हणून तिनं ठेवला, आणि कस्टमर म्हणजे मी हे कळल्यावर मला उगीचच ऐट वाटली. दुसरे तापकीर मामा. ते मूळचे कुरुळीचेच. पूर्वी शेती होती, आता प्रयोगशाळेची भट्टी सांभाळतात. ओव्हनला ते भट्टीच म्हणतात आणि तिच्या दाराला हात लावायच्या आधी दोन वेळा हात पुसतात.

डबा उघडल्यावर सुजातानं तांदूळ बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चकत्या चिमट्यानं उचलल्या. आधी बुडबुड्यांचा निकाल. प्रत्येक चकती हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. आत हवा असेल तर ती पाण्यात जास्त हलकी भरते, लपून राहू शकत नाही. साधं शाळेतलं तत्त्व, पण मी खुर्चीच्या कडेवर बसून एकेक आकडा कागदावर उतरवत होते आणि मला घाम फुटला होता. बारा चकत्या झाल्या. सुजातानं हिशोब माझ्यापुढे सरकवला. बुडबुडे नाहीत. म्हणजे नावालाही नाहीत.

जीव भांड्यात पडला! मी मामांना चहा पाजते म्हटलं, तर मामांनीच मला पाजला. बाहेर टपरीवर कामगारांची गर्दी, पहिली शिफ्ट सुटायला अवकाश होता तरी. कुणी बीडकडचा, कुणी लातूरचा. त्या लातूरच्यानं माझी भाषा ऐकून विचारलं, कोकणातल्या का? मग त्यानं आमच्याकडच्या आंब्यांची अशी चौकशी केली की जणू मी पेटी घेऊनच आले आहे. मी इतकी खुशीत होते की पुढच्या मोसमात पाठवते असं त्याला कबूलही करून बसले.

आत आलो. चकत्या वाळवायला भट्टीत गेल्या होत्या, चार ताटल्यांत चार प्रकार. आमच्याकडची हवा ओली. ओल आत राहिली की आकडा फुगतो, म्हणून मोजण्याआधी वाळवणं आलं. तासाभरानं मामा भट्टीशी गेले, दार किलकिलं केलं आणि तसेच उभे राहिले. मग नाक पुढं करून एकेक ताटली हुंगली.

"मॅडम, भट्टीतनं खोबऱ्याच्या तेलाचा वास येतोय," ते म्हणाले. "आमी इथं तेल न्हाई वापरत. ह्या एका ताटलीचा हाय. बाकीच्यांचा न्हाई."

ती ताटली एक टक्क्याची होती.

क्षणात सगळं आठवलं. गेल्या पावसाळ्यात घाट बंद होता, कुरिअर येत नव्हतं. चकत्या साच्याला चिकटू नयेत म्हणून आतून मारायचा स्प्रे संपला होता. इपॉक्सी कालवून तयार, ते थांबत नाही, तासाभरात दगड होतं. मी धावत घरी गेले आणि खोबरेल तेलाची बाटली आणली. साच्याला बोटानं तेल लावलं, अगदी घावन घालताना तव्याला लावतात तसं. त्या दिवशी एक टक्केवालीच ओतली होती. नंतर स्प्रे आला, बाकीच्या चकत्या नीट झाल्या, आणि मी ते विसरून गेले. वहीत लिहिलंसुद्धा नाही. आमच्या प्रयोगशाळेत हा वास कुणाला येणार? आमच्याकडे माणसांना, भिंतींना, खुर्च्यांच्या पाठींना सगळ्यांनाच तो वास आहे.

मोजण्यासाठी चकतीच्या दोन्ही बाजूंना चांदीचा रंग लावतात, मी तो घरूनच लावून आणला होता. सुजातानं ती चकती काढून कडेला नखानं खरवडलं. चांदी पापुद्र्यासारखी उठून आली. खाली तेल होतं म्हणून ती धड बसलीच नव्हती. चांदी आणि चकती यांच्यात बारीकशी पोकळी, आणि पोकळीत हवा. म्हणजे परीक्षकांची हवा चकतीच्या आत नव्हती, पण बाहेर होती. नेमकी त्याच चकत्यांवर जिथं माझी घट होती. सगळं मुसळ केरात.

सुजाता शांतपणे म्हणाली, "मॅडम, कसं करू? आल्या तशा मोजायच्या, की चांदी काढून, पुसून, नवीन लावून मोजायच्या? आमच्याकडे कस्टमर सांगेल तसं करतात. आल्या तशा मोजल्या तर रिपोर्टमध्ये तसं लिहितो, बास."

खोटं कशाला बोलू, मी मनात हिशोब मांडला. आल्या तशा मोजल्या की तीच घट येणार. बुडबुडे नाहीत हे पाण्यानं सांगितलंच होतं. परीक्षकांना दोन्ही कागद पाठवले की काम फत्ते, पुढच्या वर्षी नावामागे डॉक्टर. तेलाची गोष्ट जगात तीनच माणसांना माहीत, आणि त्यातल्या दोघांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. आणि पुसून मोजल्या आणि घट गेली तर? मी त्या टेबलाशी उभी राहून डब्यातले तांदूळ बोटानं ढवळत राहिले. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले होते की आकडा आपल्याला हवा म्हणून येत नाही. आता मला तो हवाच होता, आणि मला माझाच राग आला.

"काढा," मी म्हटलं. "सगळ्या बाराही पुसा. आणि तेलाचं रिपोर्टमध्ये लिहा."

तिनं मान हलवली. जणू मी चहात साखर किती ते सांगितलं होतं.

दुपारी तिनं मला डबा खायला बसवलं. बाजरीची भाकरी, कूट घातलेली वांगी, मिरचीचा ठेचा. मी भाकरीचा तुकडा नुसता चिवडत होते, आणि ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बरंच वाटलं, खरं पाणी त्यात लपलं. सुजातानं पाणी पुढं केलं आणि म्हणाली, तुम्ही लोक सगळ्यात खोबरं घालता ऐकलं होतं, पण मोजमापात पण घालता हे नवीन. मामा हसले. मला हसू आवरेना आणि रडूही. मग मी दीड भाकरी खाल्ली.

चार वाजेपर्यंत चकत्या स्पिरिटनं पुसल्या, बारीक कागदानं घासल्या, पुन्हा पुसल्या, नवी चांदी लावून भट्टीत गेल्या. मामांनी दार लावताना मला सांगितलं की सकाळी नऊला उघडीन, तोवर कुणाला हात लावू देणार न्हाई.

शनिवार

रात्री झोप लागली नाही, वैशालीनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि मला गाडीनं सोडायला निघाली. भोसरीच्या पुढं गाड्यांची अशी कोंडी की पाऊण तास एकाच ट्रकच्या मागच्या पाटीकडे बघत बसलो. वैशाली मला धीर देत होती. विषय तिला कळत नव्हता, पण तिनं विचारलेला प्रश्न नेमका होता: घट गेली तर तू काय करशील? मी म्हटलं, नोकरी करीन, आंबे विकीन, मला काय विचारतेस. मग मीच दर सिग्नलला तिची माफी मागत राहिले.

सुजातानं यंत्र आधीच तापवून ठेवलं होतं. साध्या चकत्या पहिल्या. चार पूर्णांक शून्य. घरी चार पूर्णांक दोन होता. ओल गेली, आकडा उतरला, हे अपेक्षित. मग तिनं एक टक्क्याची पहिली चकती पट्ट्यांमध्ये ठेवली. मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर मामा होते, ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या बनियनच्या काठाकडे.

"तीन पूर्णांक सात," सुजाता म्हणाली.

मी वळले. दुसरी चकती ठेवली, तीन पूर्णांक सात. तिसरी, तीन पूर्णांक सात. तीन आणि पाच टक्क्यांच्याही मोजून झाल्या, त्यांचे आकडे पहिल्यासारखेच पुन्हा वर.

पण डोक्यात किडा वळवळलाच. घरीसुद्धा एक टक्केवालीचा आकडा तीन पूर्णांक सातच होता. ओल गेली तर तो उतरायला हवा होता ना? तेव्हा सुजातानं कोपऱ्यातून एक चकती आणली आणि जरा संकोचून सांगितलं की माझी एक साधी चकती तिनं काल न विचारता बिघडवली. तिच्या लॉकरमध्ये केसांना लावायची खोबरेल तेलाची बाटली होती. पुसलेल्या साध्या चकतीला तिनं मुद्दाम तेल लावलं, वर चांदी लावली, बाकीच्यांबरोबर वाळवली. एकटं तेल किती खातं, ते कळावं म्हणून. ती चकती तिनं माझ्यासमोर मोजली. चार पूर्णांक शून्यची तीन पूर्णांक आठ झाली.

म्हणजे तेलानं शून्य पूर्णांक दोन खाल्लं होतं, आणि आमच्या ओल्या हवेनं तेवढंच भरून दिलं होतं. माझ्या दोन चुका एकमेकींशी भांडून फिट्टंफाट झाल्या होत्या. घट होती ती अर्ध्याची नव्हती, तीन दशांशांची होती. पण खरी होती. मावश्या होत्या! मी सुजाताचे दोन्ही हात धरले आणि तिच्या हातांना तेलाचा वास होता. मी तिला विचारलं, हे तू का केलंस, मी तर सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही काल 'काढा' म्हणालात ना, म्हणून. 'आल्या तशा' म्हणाला असतात तर नसतं केलं."

काल मी मॅडम होते. ताई मी आज झाले, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

घरी

आता मी जाणाऱ्यांना सल्ला देते: गुरुवारी जाऊ नका, ठेचा बेतानं घ्या, आणि मामांच्या नाकाचा मान ठेवा. प्रकरण चार मी पुन्हा लिहिलं. त्यात एक पान तेलाचं घातलं; घाट, स्प्रे, बाटली, सुजातानं बिघडवलेली चकती, सगळं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले की हे पान काढून टाका, उगीच हसं होईल. मी म्हटलं, होऊ दे. सुजातासाठी घाण्यावरच्या तेलाची बाटली पाठवली, तिची माझ्या चकतीवर खर्ची पडली होती. टपरीवरच्या त्या लातूरवाल्याची पेटीही वहीत लिहून ठेवली आहे. यापुढे मी सगळं वहीत लिहिते.

परीक्षकांचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. दोनच ओळी. प्रकरण चार मान्य. तेलाचे पान काढू नये.